कानानं भाजलेली कॉफी

माझ्या आईला वास येत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप आला, आठ दिवस राहिला आणि जाताना तिचं नाक सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. घरात आम्हा सगळ्यांचा वास गेला होता. आमचा महिन्या-दीड महिन्यात परत आला. आईचा आलाच नाही. ती तेव्हा अठ्ठ्याहत्तरची होती. आता याची आशा धरू नका, असं दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ती त्यांनाच म्हणाली, "बरंच झालं म्हना. आमच्या बिल्डिंगमागं नाली हाय. सगळे नाक दाबतात, मी मजेत बसते."

ती हसली म्हणून आम्हीही हसलो. पण ज्या बाईनं सगळा जन्म नाकावर स्वयंपाक केला, तिला आता फोडणी केव्हा झाली ते कळेना. मोहरी तडतडलेली ऐकू यायची, पण हिंग करपला की नाही ते कोण सांगणार? दोनदा दूध जळालं. आणि एका दुपारी मी बाहेरून आलो, कुलूप उघडलं, तर घरभर गॅसचा वास. शेगडीचं एक बटण अर्धवट फिरलेलं होतं, आणि आई शेजारच्या खोलीत शांतपणे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

मी खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं आणि घाबरलेला माणूस जसा ओरडतो तसा तिच्यावर ओरडलो. "यापुढे तू गॅसजवळ जायचं नाही."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त "बरं" म्हटलं आणि शेंगा सोलत राहिली. त्या दिवसापासून स्वयंपाक माझ्या बायकोकडे गेला. आई भाजी निवडायची, गहू पाहायची, लसूण सोलायची. अकोल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या दारात तिची एक खुर्ची आली. तीन-साडेतीन वर्षं ती त्या खुर्चीच्या पुढे आत गेली नाही.

गेल्या हिवाळ्यात नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा अमरावतीला होता. माझी मुलगी पुण्याहून त्यासाठी आली होती. आदल्या संध्याकाळी ती फोनवर काहीतरी पाहत म्हणाली, "बाबा, आपण सकाळी लवकर निघू. अमरावतीत कॉफीचं एक दुकान आहे. ते लोक बिया स्वतः भाजतात. या वर्षी त्यांच्याकडे चिखलदऱ्याची कॉफी पण आहे म्हणे."

आई वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले.

"चिखलदऱ्याची?" ती म्हणाली. "कोनाच्या झाडाची?"

मुलीला प्रश्न समजला नाही. मला समजला, आणि मी एकदम आठ-नऊ वर्षांचा झालो.

वडील शाळामास्तर होते. मी तिसरी-चौथीत असताना त्यांची बदली चिखलदऱ्याला झाली. माझी शाळा मोडू नये म्हणून आई आणि मी अमरावतीलाच राहिलो, अंबादेवीच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर, भाड्याच्या दोन खोल्यांत. वडील वर एका माणसाकडे खोली घेऊन राहत आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की परतवाड्यावरून एसटीनं खाली येत. तिथल्या घरमालकाच्या घरामागच्या उतारावर कॉफीची जुनी झाडं होती, कोणी कधी लावलेली कोण जाणे. तो त्यांच्याकडे फारसं लक्ष देत नसे. हिवाळ्यात फळं लाल झाली की अर्धी वानरं खात. उरलेली वडिलांनी तोडली तरी त्याची हरकत नव्हती. ते ती फळं पोत्यावर वाळवत, सुट्टीच्या वेळी राखत बसत, आणि खडखडीत वाळली की कापडी पिशवीत भरून घेऊन येत.

पहिल्यांदा पिशवी आली तेव्हा आईनं टरफलं कांडून काढली, सुपात पाखडली, आणि आतला फिकट हिरवट दाणा हातावर घेऊन विचारलं, "ही कोन्ती डाळ हाय?"

"कॉफी," वडील म्हणाले.

आईला खरंच वाटेना. तोवर आमच्या गल्लीत कॉफी म्हणजे एक लहानसा डबा. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला किंवा कोणाला सर्दी झाली की त्यातली चमचाभर भुकटी दुधात, वरून जायफळ. बाकी सगळा चहाचा मुलूख. पण आईला कॉफी फार आवडायची. तिच्या माहेरी, चांदूर बाजारकडच्या खेड्यात, तिनं ती लग्नाआधी एकदाच प्यायली होती, कोण्या डॉक्टरच्या घरी, आणि त्या वासाबद्दल ती बोलायची. म्हणजे नवऱ्याला सांगून ठेवलेलं होतं.

तिनं दाणे कढईत भाजले. पहिल्या खेपेला अर्धे कोळसा, अर्धे कच्चे. दुसऱ्या खेपेला तेच, आणि धूर इतका की शेजारणी बाहेर आल्या. आमच्या समोर पत्र्याचं काम करणाऱ्या एका गृहस्थांचं दुकान होतं. ट्रंका, चाळण्या, बादल्या, जे म्हणाल ते बनवत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. हातातली कात्री तशीच घेऊन ते धावत आले.

"भाभी, क्या हुआ? घर पेटलं का?"

आईनं ओशाळून कढई दाखवली. चाचांनी एक जळका दाणा आणि एक कच्चा दाणा उचलला, दोन्ही तळहातावर घोळवले.

"हे शेंगदाने नाहीत भाभी. याले सतत फिरतं ठेवा लागते. चारी बाजूनं आच पायजे." मग स्वतःशीच थोडं पुटपुटून म्हणाले, "रुका. पाहतो मी."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तेलाच्या डब्याचा एक ढोल बनवून आणला. मधून लोखंडी सळई, एका टोकाला वाकवलेली मूठ, अंगाला दाणे टाकायला छोटं झाकण, आणि शेगडीच्या दोन बाजूंना ठेवायला दोन खुंट. मूठ फिरवली की ढोल निखाऱ्यांवर गरगर फिरे. आईनं आनंदानं तो उघडून-मिटून पाहिला आणि मग तिच्या लक्षात आलं.

"पन चाचा, झाकन लावलं तं आत काय चालू हाय, मले कसं दिसन?"

"नहीं दिखेगा," चाचा म्हणाले. "मी पत्रा ठोकतो, तं पाहून ठोकतो का? आवाज सांगते, कुठं बसला, कुठं फुगला. तुमी कान लावा भाभी. नाक तं तुमचं हायेच."

तिनं कान लावला. चार-पाच रविवार त्यात गेले. मी मूठ फिरवायचो आणि ती शेगडीजवळ पाटावर बसून मान वाकडी करून ऐकायची. आधी नुसती खळखळ, चाळणीत हरभरे हलवावेत तशी. मग दाणे जरा हलके झाले की खळखळ मऊ व्हायची. मग तडतड सुरू, ज्वारीच्या लाह्या फुटतात तशी. ती पहिली फूट. तेव्हा काढली तर कॉफी आंबट. नंतर थोडा वेळ सगळं गप्प. आणि त्यानंतर दुसरा आवाज, बारीक, कुरकुरता. वडिलांनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले, "वाळलेल्या सागाच्या पानावर पाय पडला की असं वाजते." आईनं ते पकडून ठेवलं. सागाचं पान वाजलं की ती "काढ!" म्हणायची, आणि मी झाकण उघडून दाणे सुपात ओतायचो.

मग अंगणात सूप घेऊन ती दाणे वर उडवायची. साल वाऱ्यावर जायची आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत. त्या वासाचं मी काय सांगू? सोमवारी शाळेत माझ्या स्वेटरला तो असायचा. बाकावर शेजारी बसणारा मुलगा नाक माझ्या खांद्याला लावून विचारायचा, "काय खाऊन आला बे?" खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून, दूध-साखर घालून ती कॉफी आम्ही तिघं रविवारी सकाळी अंगणात बसून प्यायचो. वडील एका दमात पेला रिकामा करत. शुक्रवारी चाचा नमाजाहून आले की आई स्टीलच्या गिलासावर बशी झाकून त्यांच्या दुकानात पाठवायची. ढोलाचं त्यांनी दुसरं काही घेतलं नाही.

तीन हिवाळे असे गेले. मग वडिलांची बदली खाली झाली आणि पिशवी यायची बंद झाली. एक-दोनदा कोणाच्या हाती दाणे आले, पुढे तेही थांबलं. आई चहा पिऊ लागली. चाचा गेले, दुकान गेलं. वडील गेल्यावर अमरावतीच्या खोल्या सोडल्या तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान मी एका सकाळी भंगारवाल्याला देऊन टाकलं. ढोलही. मला नोकरीवर परत जायची घाई होती. आईनं पुढे कधीतरी एकदाच विचारलं, "तो डबा?" मी म्हटलं, "गेला." ती म्हणाली, "बरं."

तर असं ते चिखलदरा. साखरपुड्याच्या दिवशी आम्ही सकाळी सातला अकोला सोडलं, मूर्तिजापूरला पाच मिनिटं थांबलो, आणि नऊच्या पुढे बडनेऱ्यावरून अमरावतीत शिरलो. बायको सामान घेऊन थेट हॉलवर गेली. आई, मुलगी आणि मी त्या दुकानात.

कॅम्प भागातल्या एका जुन्या बंगल्याचा खालचा मजला होता. पुढे लाकडी टेबलं, एका भिंतीवर फळा. मागे काचेपलीकडे एक मोठं काळं यंत्र, त्याला पोट असल्यासारखा गोल ढोल, आणि कोपऱ्यात पोती. दोन-तीन कॉलेजची पोरं लॅपटॉप उघडून बसली होती. फळ्यावर प्रत्येक कॉफीचं नाव आणि खाली तिच्यात कोणती चव सापडेल ते लिहिलेलं. मुलीनं आजीला वाचून दाखवलं. एकीत मोसंबी, दुसरीत मनुका, तिसरीत गूळ.

"मोसंबी खायची तं मोसंबी खावं ना," आई म्हणाली. "कॉफीत काहून पाहावं?"

फळ्याजवळ उभी असलेली तरुण बाई हसली. तिनं डोक्याला रुमाल बांधला होता आणि अंगावर जाड कापडाचा एप्रन होता. दुकान तिचंच. आधी ती आमच्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलत होती, पण आईचं ऐकल्यावर तिची भाषा सैल झाली. "आजी, मी परतवाड्याची. माझी आई पन असंच म्हनते." तिनं सांगितलं की ती आधी कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, ते सोडून कर्नाटकात जाऊन भाजणं शिकली, आणि मग इकडे परत आली. चिखलदऱ्याचं या वर्षी तिला एकच पोतं मिळालं होतं.

"आता भाजनारच हाय मी. आत या, पाहा."

काचेआडच्या खोलीत तिनं आईला स्टूल दिलं. चिखलदऱ्याचे कच्चे दाणे वाडग्यात आणून दाखवले. आईनं एक दाणा नखानं दाबून पाहिला आणि मान हलवली. मग त्या बाईनं नुकत्याच भाजलेल्या दुसऱ्या कॉफीचे दाणे ओंजळीत घेतले आणि मायेनं आईच्या नाकाशी धरले.

"वास घ्या आजी."

आईनं ओंजळीत वाकून श्वास घेतला. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मला ती शांतता सहन झाली नाही.

"तिला वास येत नाही," मी म्हटलं. "कोरोनानंतर."

त्या बाईनं हात मागे घेतला. तिला फार वाईट वाटलं, ते दिसत होतं. पण आई माझ्याकडे वळली आणि हळू पण धारदार आवाजात म्हणाली, "तुले कोनी विचारलं होतं? माझं नाक गेलं, जीभ नाही गेली. मले सांगता आलं असतं."

 मुलगी खाली पाहू लागली. बाईनं यंत्रात दाणे सोडले. समोरच्या पडद्यावर एक रेघ चढू लागली. आतलं तापमान दाखवणारी, असं तिनं मुलीला सांगितलं. यंत्राची घरघर, पंख्याचा आवाज, त्यात दाण्यांची खळखळ. पाच मिनिटं गेली, सहा गेली. खोलीत भाजका वास भरू लागला. मी तो घेत होतो आणि मला अपराधी वाटत होतं.

आईची मान वाकडी झाली होती. डावा कान यंत्राकडे. मी तिला तसं बसलेलं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"फुटली," ती म्हणाली.

बाईनं पडद्याकडे पाहिलं, मग यंत्राला कान दिला. मला तर नुसती घरघरच ऐकू येत होती. दोन-तीन सेकंदांनी तड झालं, मग तडतड. तिनं पडद्यावर बोट लावून खूण केली आणि आईकडे वळून पाहिलं.

"आजी, तुमाले कसं कळलं?"

"ऐकू आलं."

आणखी मिनिट-दीड मिनिटानं बाईनं यंत्राचं दार उघडलं आणि दाणे खालच्या गोल परातीत कोसळले. रंग दालचिनीसारखा होता. आईनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं, कच्ची काढली तू!"

"नाही आजी, ही अशीच काढतात. जास्त भाजली की दान्याची स्वतःची चव मरते."

"मरत नाही. तेव्हा तं ती बोलते."

यावर दोघींचं जे सुरू झालं ते मी आणि मुलगी नुसतं ऐकत राहिलो. ती बाई सांगत होती की आंबटपणा हा दोष नाही, उलट तोच गुण. आई सांगत होती की आंबट पाहिजे तर ताक प्यावं. मध्येच तिनं चाचांचा ढोल सांगितला, शेगडी सांगितली, लाह्या सांगितल्या, सागाचं पान सांगितलं. बाईनं चुलीपाशी बसल्यासारखं खाली जमिनीवरच बसकण मारली आणि सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात बाहेर कोणीतरी कॉफीसाठी थांबलं होतं. तिनं "दोन मिनिटं" म्हणून हातानं खूण केली.

मग ती उठली. कोपऱ्यात एक लहान यंत्र होतं, मूठभर दाणे भाजून पाहण्याचं. त्यात तिनं चिखलदऱ्याचे दाणे टाकले आणि म्हणाली, "आजी, आता तुमी सांगा. तुमी काढ म्हनाल तेव्हाच काढीन."

आई स्टूल सरकवून अगदी जवळ बसली. मला आठवतं, तिनं कानावरचे केस मागे सारले आणि पदर कमरेला खोचला. साखरपुड्याला नेसलेलं गर्भरेशमी लुगडं होतं ते. लाह्या फुटल्या. तिनं काही म्हटलं नाही. मग शांत झालं. ती बाई अस्वस्थ झाली. तिच्या हिशेबानं वेळ केव्हाच उलटली होती. तिनं दांड्याला हात घातला.

"थांब," आई म्हणाली.

धूर दिसू लागला.

"थांब."

मलाच राहवेना. मी म्हणणार होतो की आई, जळेल. पण थोड्या वेळापूर्वीचा तिचा आवाज कानात होता, म्हणून गप्प बसलो. आणि मग मला ते ऐकू आलं. अगदी बारीक, कुरकुर, वाळल्या पानांवर कोणी चालत यावं तसं. आईनं डोळे मिटले होते.

"काढ."

दाणे बाहेर आले ते गर्द तपकिरी, अंगावर तेलाची किंचित चमक. बाईनं एक दाणा दातांनी फोडला, चावला, मग दुसरा. शेवटी म्हणाली, "मी असं विकनार नाही आजी. पन हे चुकलेलं नाही."

"विकू नको," आई म्हणाली. "आमाले दे."

भाजलेली कॉफी निदान एक दिवस ठेवावी, मग प्यावी, असं त्या बाईचं म्हणणं. आई म्हणाली, "मले ब्याऐंशी वर्षं झाले. उद्यापर्यंत कोन थांबते?" मग त्या बाईनं तीच दळली आणि आमच्या घरच्यासारखी, दूध-साखर घालून, बनवून आणली. दुकानात जायफळ नव्हतं, त्याची तिनं माफी मागितली.

आई दोन्ही हातांनी कप धरून प्यायली. आम्ही विचारायला धजत नव्हतो. तिनंच सांगितलं, "कडू लागते. गोड लागते. गरम लागते." मग थोडं थांबून, "बाकीचं नाही लागत."

मुलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आईनं आणखी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून, अगदी सहज, म्हणाली, "तुह्या बाबाले कॉफी आवडत नव्हती. मालूम हाय तुले?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय? दर रविवारी प्यायचे की. एका दमात."

"म्हनूनच एका दमात. औषधासारखी. पहिल्या हिवाळ्यात तं अर्धा पेला जास्वंदीच्या कुंडीत ओतताना पाहिलं मी त्याले. मी खिडकीत होते."

"मग तू काही म्हटलं नाही?"

"काय म्हनू? तो घाटातून पिशवी मांडीवर घेऊन यायचा, माझ्यासाठी. मी म्हटलं असतं, नका पिऊ, तं त्याले वाटलं असतं आपन पकडलो गेलो. मंग मी त्याचा पेला लहान केला. त्यालेही कळलं असन. तोही काही बोलला नाही."

तीन हिवाळे मी त्या दोघांच्या मध्ये बसून कॉफी प्यायलो होतो आणि मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. साठी ओलांडल्यावर, अमरावतीतल्या त्या दुकानात, मला माझे आईवडील पहिल्यांदा नवरा-बायको म्हणून दिसले. तो लहान पेला मला आठवला, निळ्या काठाचा. मला वाटायचं तो वडिलांच्या मानाचा आहे.

साखरपुड्याला आम्ही उशिरा पोचलो. बायको चिडली होती. आईनं तिला हाताशी धरून सांगितलं, "मीच थांबवलं या दोघाले," आणि प्रकरण मिटलं. संध्याकाळी परतताना आई गाडीत मागे झोपली होती. तिच्या मांडीवर चिखलदऱ्याच्या कच्च्या दाण्यांची किलोभराची पिशवी होती. ती त्या बाईनं आणून दिली तेव्हा मी हरकत घेणार होतो, की घरी हे भाजणार कोण. घेतली नाही.

रात्री मुलीला मी गॅसची ती जुनी गोष्ट सांगितली. तिनं दुसऱ्या दिवशी पुण्याला जायच्या आधी एक लहानसं यंत्र मागवलं. भिंतीला लावायचं, गॅस गळला की जोरात वाजतं. चार दिवसांत ते आलं, इलेक्ट्रिशियननं लावून दिलं आणि वाजवून दाखवलं. आईनं त्याचा आवाज ऐकला, यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे भेटत होतं तं आधी काहून नाही आनलं?"

 खरं उत्तर एवढंच, की तिला खुर्चीत बसवणं सोपं होतं. मी म्हटलं, "सुचलं नाही." तिनं खुर्ची उचलून गॅलरीत नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली.

आता ती सकाळची भाजी करते. फोडणीचा हिंग माझी बायको टाकते, त्यावरून दोघींचं अधूनमधून वाजतं. महिन्यातून एका रविवारी आम्ही कॉफी भाजतो. लोखंडी कढई, मी उलथणं फिरवतो, आई शेजारी बसून ऐकते. कढईत ढोलासारखं एकसारखं होत नाही. काही दाणे पुढे जातात, काही मागे राहतात. ती म्हणते, चालते. एकदा खालच्या मजल्यावरून फोन आला, काही जळून राहिलं काय म्हणून. त्यांनाही कपभर पाठवली. तेव्हापासून फोन येतो, पण वेगळ्या कारणासाठी.

पहिल्या रविवारची गोष्ट. दाणे ताटात पसरले होते, मी पंख्यानं वारा घालत होतो. आईनं विचारलं, "वास कसा येते?"

"छान येतो," मी म्हटलं.

"छान म्हंजे कसा?"

"पहिल्यासारखाच."

"पहिल्यासारखा म्हंजे कसा? नीट सांग ना."

मी पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली. पाण्याची पातळी लिहिली, दरवाजे किती उघडले ते लिहिलं. वास लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी ताटावर वाकलो, डोळे मिटले आणि अडखळत सांगू लागलो. आधी भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा. मग त्याच्या खाली गूळ, काहिलीच्या कडेला लागून थोडा जास्त शिजलेला. मग जरासा धूर, पण लाकडाचा नाही, पाचोळ्याचा. आणि सगळ्यात शेवटी, दाणे थोडे निवल्यावर, काहीतरी ओलसर, मातीच्या माठाच्या आतल्या अंगासारखं.

आई मान हलवत ऐकत होती. माठ म्हटल्यावर तिनं मला थांबवलं.

"माठ नाही," ती म्हणाली. "नव्या सुपाचा वास असते तो, बांबूचा. पुन्हा पाह."

मी पुन्हा वाकलो.